बाणेरच्या कादंबरीवर सुजाता काय म्हणाली असती

सुजाता,

परवा जोगसरांचा फोन आला. दीपप्रज्वलनाच्या वेळी लावतात तो आवाज त्यांनी लावला होता. म्हणाले, "वसुधाताई, रविवारची बैठक रद्द करत नाही आहोत. फक्त तिचं स्वरूप बदलतोय. सुजाताताईंना आदरांजली. विषय ठेवलाय, 'एक संघर्षयात्रा'. तुम्ही त्यांच्या जवळच्या. तुम्हीच बोला."

मी विचारलं, "आणि कादंबरी?"

"कोणती?"

"बाणेरची. रविवारी तिच्यावर बोलायचं होतं ना? सुजाता सुरुवात करणार होती."

"अहो, आता कसली कादंबरी," सर म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता, म्हणजे खरा झाला होता. सरांना तुझ्या जाण्याचं दुःख आहे. त्याबद्दल मला शंका नाही. मला शंका आहे ती यात्रेबद्दल.

तुला हे आवडलं नसतं, असं मी लिहिणार नाही. गेलेल्या माणसाला काय आवडलं असतं नि काय नसतं हे ठामपणे सांगणारी माणसं पुण्यात पुरेशी आहेत, त्यांत माझी भर नको. मला एवढंच ठाऊक आहे की त्या रविवारी तुला बोलायचं होतं, आणि संघर्षावर नव्हे.

हे तुझ्याबरोबर आणखी चार लोक वाचतील, म्हणून आपल्या मंडळाची रीत सांगते. सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वर हॉल आहे. तिथे महिन्यातून एकदा आपण जमतो. पुस्तक एकच घ्यायचं आणि ते सगळ्यांत फिरवायचं. प्रत्येकाने आपापली प्रत घेतली की वाचन होत नाही, फक्त कपाटं भरतात, हा जोगसरांचा सिद्धान्त. ज्याने सुरुवात करायची, त्याच्याकडे पुस्तक आधी जातं. आणि वाचून झालं की बैठकीपर्यंत त्यावर अवाक्षर काढायचं नाही. बायकोशी नाही, नवऱ्याशी नाही, मंडळातल्या कुणाशी तर नाहीच. हा नियम बाकीचे सोयीने पाळायचे. तू मात्र पाळायचीस.

टेलिफोन खात्यात आयुष्य गेलेल्या बाईने गप्प बसण्यात एवढं नाव कमवावं, याची मला गंमत वाटायची. तुझं उत्तर तयार असायचं. "वसू, दिवसभर लोकांना लोकांशी जोडून दिलं. त्यांचं बोलणं ऐकायचं नाही हीच तर नोकरी होती."

पहिल्यांदा आलीस तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, तुम्ही कुठल्या? तू म्हणालीस, येरवड्याच्या. मग पेठेतल्या माणसाला जो विनोद केल्याशिवाय राहवत नाही तो झालाच. "आतल्या की बाहेरच्या?" तू शांतपणे खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, "आत्तापर्यंत बाहेरची होते." सगळे हसले. विनोद करणारे गृहस्थ सगळ्यांत उशिरा हसले, आणि मी ठरवलं की या बाईच्या शेजारी बसायचं. तेव्हा बँकेत माझ्या टेबलावर नुकता संगणक आला होता आणि साहेबांनी त्याला हार घातला होता. हाराशिवाय काही बोलणारं माणूस मला हवंच होतं.

मंडळाने तुझ्यावर अन्याय केला, असं मी म्हटलं तर तू मला थांबवशील. अन्याय कुणी केला नाही. उलट फार आदर केला. अडचण तिथेच होती. दलित वस्तीवरची, एखाद्या सत्याग्रहावरची, गावकुसाबाहेरची कादंबरी आली की सर पुस्तक दोन्ही हातांनी तुझ्याकडे द्यायचे. "सुजाताताई, यावर अधिकाराने तुम्हीच बोलू शकाल." तू घ्यायचीस, वाचायचीस, बोलायचीस. आणि बाकीच्या महिन्यांत, म्हणजे एकत्र कुटुंबाची, समुद्राची, खुनाची, राजघराण्याची पुस्तकं असायची तेव्हा, तुझा नंबर शेवटी यायचा. चहा आलेला असायचा. लोक बिस्किटं बुडवत असायचे. तू सुरू केलंस की कुणीतरी पंखा कमी करायला उठायचं.

वस्तीवरची ती एक कादंबरी आठवते? शहरातल्या लेखकाची, बक्षिसांनी वाकलेली. तू सुरुवात केलीस. "पुस्तक मेहनतीने लिहिलंय. पण यात इतकी माणसं आहेत आणि एकही जण हसत नाही. आमच्याकडे हसणं बंद झालं असतं तर आम्ही केव्हाच संपलो असतो. लेखक वस्तीत गेले तेव्हा लोक बहुधा त्यांच्याकडे बघून गंभीर झाले असावेत." बैठकीच्या वृत्तान्तात सरांनी लिहिलं, 'सुजाताताईंनी विद्रोही मत मांडले.' ते वाचून तू मला अमृततुल्यात चहा पिताना म्हणालीस, "मी विनोदाबद्दल बोलले गं. त्यात विद्रोह कुठला?"

तुला काय आवडायचं, हे त्या चहाच्या दुकानात मला कळलं. जाड कादंबऱ्या. लग्नं, गैरसमज, हरवलेला भाऊ, शेवटी सगळे एका ताटाभोवती. दीपगृहावर एकट्या राहणाऱ्या माणसाची ती कादंबरी वाचून तू आठवडाभर माझ्याशी त्याच्या स्वयंपाकाबद्दल बोललीस. तो मासे कसे खारवतो, मीठ किती दिवसांनी येतं, कंटाळा आला की तो कुणाशी बोलतो. या कादंबरीवर मंडळात तुला कुणी काही विचारलं नाही. तिच्यावर कुणी निवृत्त नौदल अधिकारी बोलले. त्यांनी दिव्याचा पल्ला सांगितला.

आपलं भांडण मात्र शेवटांवरून होतं. मला सुखान्त कादंबरीचा संशय येतो. लेखक दमला की माणसांना एकत्र जेवायला बसवतो, असं माझं मत. तू चिडायचीस.

"रडवणं काय गं, कांदाही रडवतो. माणसांना वाईटातून काढून धडपणे घरी आणायला धमक लागते."

"मग खोटं वाटलं तरी चालेल?"

"तुला खोटं वाटतं कारण तुला सगळं फुकट मिळालंय. उदासपणसुद्धा."

हे तू हसत म्हणालीस. मी घरी जाऊन त्यावर हसले नाही. पुढच्या भेटीत उत्तर द्यायचं म्हणून मनात जुळवत होते, आणि मग हे दुखणं, ते लग्न, कुणाचं अमेरिकेला जाणं, यांत ते राहून गेलं. उत्तर अजूनही जुळलेलं नाही. बहुधा तुझं बरोबर असावं. हे तुझ्या तोंडावर मी कबूल केलं नसतं, म्हणून आत्ता करतेय असंही नाही. शंका मला अजून आहेच.

सुखान्ताची धमक कशाला म्हणतात, ते मात्र तू मला पुस्तकाबाहेर दाखवलंस. आमचे हे आजारी होते ते दिवस. बिबवेवाडीला आमच्याकडे यायला तुला अख्खं शहर ओलांडावं लागायचं. तुझी ती निळी स्कूटी, हेल्मेटऐवजी स्कार्फ. तू एक रहस्यकथा आणलीस आणि रोज थोडी थोडी मोठ्याने वाचायला लागलीस. ऐन मोक्यावर थांबायचीस आणि पुस्तक पिशवीत टाकून घेऊन जायचीस. हे संतापायचे. मला म्हणाले, "ही बाई मला मरू देणार नाही." तू म्हणालीस, "भावजी, खुनी कळल्याशिवाय जायचं नाही." खुनी कळला त्या दिवशी हे म्हणाले, "मला पहिल्या पानापासून माहीत होतं." धादांत खोटं. त्या घरात त्या महिन्यांत झालेलं ते एकमेव भांडण होतं ज्याचा आजाराशी संबंध नव्हता. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. आपण दोघी असलं काही बोलणाऱ्यांतल्या नव्हतो, आणि आता मी एकटीने ते बोलणं बरं दिसत नाही.

मग गेल्या महिन्याची बैठक. सरांनी पुन्हा एक पुस्तक दोन्ही हातांनी पुढे केलं. स्वातंत्र्याच्या आसपासच्या एका चळवळीवरचं, जड, काळ्या कव्हरचं. "सुजाताताई, यावर अधिकाराने…"

तू हात मांडीवरच ठेवलेस. म्हणालीस, "सर, माझा अधिकार या वेळी दुसऱ्या पुस्तकावर लावा."

"म्हणजे?"

"ते द्या ना, बाणेरच्या फ्लॅटचं. त्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाने लिहिलेलं."

सर गोंधळले. "ते देतो की. पण ते जरा… हलकं आहे हो."

"चालेल. डॉक्टरांनी जड उचलू नका म्हणून सांगितलंय."

आम्ही सगळे हसलो, सुजाता. मीसुद्धा. डॉक्टरांकडे तू कधी गेली होतीस, कशासाठी गेली होतीस, हे त्या हॉलमधल्या एकानेही विचारलं नाही. चांगलं वाक्य आलं की आपल्याकडे लोक वाक्यालाच दाद देतात.

वाचून झाल्यावर तू पुस्तक माझ्याकडे आणून दिलंस. मी दारातच टोचायला सुरुवात केली. "भिकार आहे ना?" तू चप्पल काढली नाहीस. "सुरुवातीची शंभर पानं नुसती कॉफी आहे म्हणे?" तू पाणी मागितलंस. शेवटी मी म्हटलं, "निदान आवडलं की नाही एवढं तरी सांग." तू म्हणालीस, "वसू, इतक्या वर्षांनी मला एक साधी कादंबरी मिळालीय. तिच्यावर मी रविवारी बोलणार. सगळ्यांच्या आधी, चहा यायच्या आत. तोवर गप्प बस." आणि जिना उतरलीस. पाणी अर्धं तसंच होतं.

त्याच आठवड्यात दुपारी प्रज्ञाचा फोन आला. तुझी मुलगी फोनवर नेहमी घाईत बोलते, त्या दिवशी सावकाश बोलली. त्यावरूनच मला कळलं.

मी मग ती कादंबरी वाचायला घेतली. दुसरं काही सुचत नव्हतं. केतकी आणि मिहीर, दोघं हिंजवडीत नोकरीला, अकराव्या मजल्यावर हप्त्याचा फ्लॅट. सुरुवातीची पानं खरोखरच कॉफी, कार्ड आणि गाडीच्या नावांची आहेत. लेखकाला आपण काय काय पाहिलंय ते सांगायची हौस आहे. मग मिहीरला कंपनी अमेरिकेला पाठवते आणि त्याची आई मिरजेहून सुनेच्या सोबतीला येते. तिथून पुस्तकाला श्वास फुटतो. दोघी आधी एकमेकींना चुकवतात, मग एकाच मालिकेला शिव्या देतात, मग कुलकर्णी आडनावाच्या वॉचमनला मिळून फसवतात. मिहीरचं परत येणं लांबत जातं आणि त्यांना ते फारसं जाणवेनासं होतं. शेवटी तो येतो. दोघी जेवायला बसलेल्या असतात. टेबलाच्या तिसऱ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे रचलेले असतात. तो बॅग धरून उभा राहतो. तिथे कादंबरी संपते. कपडे कुणी उचलतं की नाही, लेखक सांगत नाही.

मला राग आला. इतकं आणून सोडलं आणि पुढचं आम्ही ठरवायचं. उदास दिसण्यासाठी केलेला शेवट, असं मी मनात लिहून टाकलं. आणि लगेच वाटलं, तू काय म्हणाली असतीस? आणि मला काही सुचेना. इतक्या वर्षांच्या चहानंतर मला तुझं मत अंदाजाने सांगता येऊ नये, याची लाज वाटण्यापेक्षा भीती जास्त वाटली. तू गेलीस ते गेलीस, पण ते मतही गेलं. ते दुसऱ्या कुणाकडेच नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी येरवड्याला आले. बुद्धवंदना झाल्यावर, लोक जेवायला उठले तेव्हा, मी प्रज्ञाला बाजूला घेतलं. तिला विचारलं, आई त्या पुस्तकाबद्दल काही बोलली होती का.

"मावशी, खरं सांगू? मीच तिच्या मागे लागले होते," ती म्हणाली. "माझ्याच ऑफिसच्या टाइपची स्टोरी, तर म्हटलं सांग ना काय आहे. एक शब्द नाही. म्हणे, रविवार होऊ दे. माझ्याच घरात मला सस्पेन्स."

"काहीच नाही?"

"एकदा हसली होती. मी आत कॉलवर होते. एकदम मोठ्याने हसली, मी म्यूट करून बाहेर आले. मला वाटलं कुणी आलंय. तर एकटीच. डोळे पुसत होती हसून हसून."

"कुठल्या पानावर?"

"पान कसं सांगू? पण संपतच आलं होतं. शेवटची चार-दोन पानं राहिली असतील हातात."

घरी येऊन मी ती शेवटची पानं पुन्हा वाचली. मग पुन्हा. विनोद एकही नाही. मिहीर लिफ्टमधून येतो, बेल वाजवतो, दार उघडंच असतं. दोघी जेवत असतात. खुर्चीवर कपडे. तो उभा. तू कुठे हसलीस, सुजाता? दोन वर्षं अमेरिकेत राहून आलेला घरधनी स्वतःच्या घरात इस्त्रीच्या कपड्यांमुळे उभा राहतो, त्याला? तसं असेल तर मग ती उदास कादंबरी नाहीच. मग त्या दोघी जिंकल्यात, आणि लेखकाने दोन बायकांना धडपणे घरी आणून बसवलंय, आणि तो शेवट तुझ्या जातीचा आहे, माझ्या नाही. की लेखकाच्या भाबडेपणाला हसलीस? की पुस्तकाशी संबंधच नव्हता, खिडकीतून काही दिसलं, काही जुनं आठवलं? तुझ्या हसण्याचा अर्थ लावत बसलेली मी आणि तुझा संघर्ष शोधणारे जोगसर, यांत फरक किती, हेही मला नीटसं सांगता येईना. त्यानंतर पुस्तक मिटून ठेवलं.

सरांना मी फोन करून सांगितलं की मी बोलेन, पण कादंबरीवर. ते म्हणाले, औचित्याचा प्रश्न आहे. मी म्हटलं, तिने मागून घेतलेला दिवस आहे, औचित्य तिलाच विचारा. शेवटी ते म्हणाले, "बरं. पण आधी श्रद्धांजली."

आज रविवार. हॉल भरला होता, पुस्तकांना भरत नाही तेवढा. तुझा फोटो सरांनी टेबलावर ठेवला होता, प्रज्ञाकडून मागून आणलेला, खात्याच्या कुठल्याशा समारंभातला. तुझ्या हातात गुच्छ आणि चेहऱ्यावर तो कुठे ठेवू असा भाव. सर थोडकंच बोलले. संघर्ष हा शब्द आला, पण दोनदाच. नंतर मी उठले.

मी सुरुवातीलाच सांगितलं की आज पहिलं बोलण्याचा मान माझा नाही आणि मी तुझं मत सांगणार नाही, कारण ते मला ठाऊक नाही. मग माझं मत सांगितलं. कॉफीची पानं, सासूचं येणं, वॉचमन. शेवट मला पटला नाही, तेही सांगितलं, आणि का पटला नाही तेही, सगळं जोरात, जसं तू समोर असताना बोलले असते. एका वाक्यावर मी थांबले. तिथे तू मला तोडलं असतंस. कुणी तोडलं नाही. मग प्रज्ञाने सांगितलं होतं ते सांगितलं, की शेवटच्या पानांपाशी तू मोठ्याने हसली होतीस, आणि म्हणून माझं मत चुकीचं असू शकेल. आणि बसले.

जोगसरांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं. शेवटचं पान काढलं, चष्मा वर करून वाचलं. तुझ्या फोटोशेजारी उभे होते. त्यांचा चेहरा, तुला सांगते, इतक्या वर्षांत प्रथमच वाचकासारखा दिसत होता.

"विलक्षण आहे," ते म्हणाले. "इथे हसल्या? मी तर… काय वाटलं असेल त्यांना? त्यांचं म्हणणं काय होतं, वसुधाताई?"

"मला माहीत नाही, सर."

"म्हणजे त्या काहीच बोलल्या नाहीत?"

"बोलणार होती," मी म्हटलं. "आज."